टीबीचा कोर्स संपला, मुरडा थांबला नाही

अमळनेर तालुक्यातला 28 वर्षांचा तरुण, कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करणारा. जेवल्यावर तासाभरात बेंबीभोवती मुरडा, पोटात गुडगुड, मग उलटी. उलटी झाली की आराम. वजन 41 किलो. फाइलमध्ये टीबीच्या औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण, त्यानंतर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड कधी चालू, कधी बंद.

अशा फाइली खानदेशात आम्हाला नव्या नाहीत. आतड्याचा टीबी आणि क्रॉन्स (आतड्याला वारंवार सूज आणणारा, टीबी नसलेला जुनाट आजार), दोघांचीही आवडती जागा एकच: लहान आतड्याचं शेवटचं टोक. कोलोनोस्कोपीत अल्सर सारखेच दिसू शकतात आणि बायोप्सीत खात्रीचा पुरावा मिळेलच असं नाही. म्हणून आधी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, देऊन बघणं गैर नाही. घोळ होतो तो पुढे. दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून अल्सर भरलेत का ते बघायलाच हवं. ‘आता बरं वाटतं’ यावर विसंबू नये. क्रॉन्सच्या रुग्णालाही एकेटीवर थोडं बरं वाटतं आणि आत आतडं आवळत जातं. याची दुसरी कोलोनोस्कोपी झालेलीच नव्हती.

सीटी एन्टेरोग्राफीसाठी, म्हणजे आतडं पाण्याने फुगवून केलेल्या सीटी स्कॅनसाठी, एरवी लिटर-दीड लिटर मॅनिटॉलचं पाणी पाऊण तासात पाजतो. याला निम्मंच दिलं, कारण अडथळ्याच्या वरचं आतडं आधीच तुडुंब होतं. शेवटचं 14 सेंमी आतडं जाड, आतली वाट दोऱ्याएवढी, त्याच्या वरचं आतडं 4.5 सेंमी फुगलेलं. शिवाय उजव्या सोआस स्नायूवर (कण्याच्या बाजूचा पोटातला स्नायू) 5 सेंमीचा पूचा गोळा. हिमोग्लोबिन 8.4, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) 2.6, दोन्ही कमी.

म्हणजे हा आवळलेला क्रॉन्स. इथे बायोलॉजिकची, म्हणजे सूज आणणारी प्रतिकारशक्ती दाबणारी, इंजेक्शनं काम करत नाहीत. सूज उतरते, पण व्रण पिकून कडक झालेली नळी औषधाने रुंद होत नाही. आणि पू असताना इन्फ्लिक्सिमॅब (त्यातलंच एक) देणं म्हणजे आगीत तेल. ऑपरेशन हा औषधं हरल्यावरचा शेवटचा उपाय, ही समजूतही आता मागे पडली आहे. 2017च्या लिरिक चाचणीत टर्मिनल इलियमपुरत्या (लहान आतड्याच्या त्याच शेवटच्या टोकापुरत्या) मर्यादित, सूज असलेल्या आजारात लॅप्रोस्कोपीने तेवढा भाग काढणं इन्फ्लिक्सिमॅबच्या तोडीस तोड ठरलं. तिथे तर आवळण आणि पू असलेले रुग्ण घेतलेही नव्हते.

तरी लगेच टेबलावर घेतलं नाही. अल्ब्युमिन तीनच्या खाली, स्टिरॉइड चालू आणि जवळ पू, या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की कापून जोडलेल्या आतड्याचा जोड सुटण्याची भीती मोठी. सोनोग्राफीखाली पिगटेल ही बारीक नळी घालून पू काढला, अँटिबायोटिक दिलं, प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवलं आणि चार आठवडे फक्त पातळ पूर्णाहार पावडरीवर ठेवलं. आईचा रोज एकच प्रश्न: “डाक्टरसाहेब, पोऱ्या आते भाकर खाई का?”

ऑपरेशनच्या दिवशी पोट उघडल्यावर आजारी भाग शोधावा लागला नाही. मेसेंटरीची (आतड्याला रक्तवाहिन्या पोचवणाऱ्या पडद्याची) पिवळी चरबी आतड्यावर चारही बाजूंनी चढून बसली होती. ही मेसेंटरी जाड आणि ठिसूळ असते. उष्णतेने रक्तवाहिनी बंद करणाऱ्या व्हेसल सीलरवर भरवसा ठेवला तर रक्तवाहिनी आत सरकते आणि रक्ताची गाठ फुगत जाते. इथे क्लॅम्प लावून टाक्यानेच बांधावं. काढायचं तेवढंच, डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या भागापासून 2 सेंमी पुढे. जास्त कापल्याने आजार परतायचा थांबत नाही, उरलेलं आतडं मात्र कमी होतं.

मग सगळं आतडं हाताखालून घातलं. कापलेल्या टोकातून फोली कॅथेटर (टोकाला फुगा असलेली नळी) सरकवून फुगा 2 सेंमी व्यासाचा केला. वर एका जागी तो अडकला. स्कॅनमध्ये न दिसलेली 3 सेंमीची आवळण. तो भाग कापला नाही. मेसेंटरीच्या विरुद्ध बाजूने उभा छेद घेतला, दोन्हीकडे 2 सेंमी निरोगी आतड्यात नेला, आतून बायोप्सी घेतली आणि छेद आडवा शिवला. एवढी छोटी आवळण असली की हेच करावं. मात्र तिथेच पू किंवा भोक असेल तर नाही. खालचा जोड स्टेपलरने रुंद, बाजूला बाजू लावून केला.

खरा आजार ऑपरेशननंतरही असतोच. आतडं फुटून पू झालेला, त्यात बिडी ओढणारा. म्हणून आजार परतू नये यासाठी जखम भरल्यावर अडालिमुमॅब हे बायोलॉजिक सुरू केलं: 160, 80, मग दर पंधरा दिवसांनी 40 मिग्रॅ. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बीची तपासणी. पोटापेक्षा जास्त भांडण फ्रिजशी होतं. इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवायचं, बाहेर मे महिन्यातले 45 अंश आणि लोडशेडिंग. नेताना थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, पण सिरिंज बर्फाला चिकटवायची नाही, कापडात गुंडाळायची. एकदा गोठलेलं इंजेक्शन फेकूनच द्यावं, पैसे कितीही गेले तरी.

सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपी केली. जोडाच्या वर तीन बारीक अल्सर, म्हणजे रुटगर्ट्स आय-1 (आजार परतण्याच्या मोजपट्टीवरची सौम्य पायरी). औषध तेच ठेवलं, बी-12चं इंजेक्शन सुरू ठेवलं. भाकरी चालू झाली आहे. बिडी अजून सुटलेली नाही.