सेडानला टो हिच: सगळा वेळ खाल्ला तो वेल्ड नटांनी

टो हिच म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे खालून बसवायचा लोखंडी जोड. त्याच्याबरोबर आलेल्या पत्रकात काम चाळीस मिनिटांचं लिहिलं होतं. लागले सहा तास, त्यातले चार फक्त चार नटांपायी. नट साफ करण्याबद्दल पत्रकात एकच ओळ, तीही शेवटच्या पानावर. राग अजून गेलेला नाही.

इलिनॉयमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं. मागच्या फ्रेम रेलमधले (गाडीखालच्या सांगाड्याच्या लांब पोकळ पट्ट्यांमधले) वेल्ड केलेले नट वर्षानुवर्षं रिकामे असतात, त्यामुळे आट्यांत गंज आणि मातीचा थर बसतो. नवा बोल्ट दोन फेऱ्या जातो आणि अडतो. तिथे इम्पॅक्ट गन (झटके देत बोल्ट पिळणारं यंत्र) लावलीत तर आटे गेलेच म्हणून समजा. त्याहून वाईट म्हणजे नटाचं वेल्डिंग तुटतं, नट आतच बोल्टबरोबर फिरत राहतो, आणि मग रेलला भोक पाडावं लागतं.

आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा. नायलॉनचा गोल ब्रश ड्रिलला लावून तांबडा चिखल गळायचा थांबेपर्यंत फिरवा. मग टॅप, म्हणजे नटातले आटे साफ करणारं हत्यार. माझे नट एम-१२, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी, दुकानात सहज मिळणारा १.७५चा टॅप घातला असता तर आटे कापले गेले असते. हातानंच अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे. टॅप जड झाला की बाहेर काढा, पुसा, तेल लावा. बोल्ट नुसत्या बोटांनी पाच-सहा आटे चढला की त्या नटाचं काम झालं. हे सगळं हिच उचलण्याआधी, कारण नंतर हात पोचत नाही.

हिच १४ किलोची, दोघं लागतात. एक्झॉस्टचे रबर हँगर साबणाच्या पाण्यानं निघतात. सायलेन्सर तारेनं बांधून ठेवा, लोंबकळू देऊ नका. बोल्ट आधी सगळे सैल लावा, मग पत्रकातल्या टॉर्कला (पिळायच्या जोराला) आवळा. माझा ७५ फूट-पाउंड होता.

ट्रेलरच्या दिव्यांच्या वायरिंगमध्ये पांढरी वायर अर्थिंगची, तपकिरी टेललाइटची, पिवळी डाव्या इंडिकेटर-ब्रेकची, हिरवी उजव्या. गाडीचा इंडिकेटर ब्रेकच्या दिव्यापासून वेगळा असेल तर ते दोन्ही सिग्नल एका वायरीत आणणारा कन्व्हर्टर हवाच. अर्थिंगची वायर रंग खरवडलेल्या पत्र्यावर जोडा, नाहीतर ट्रेलरचे दिवे मंद लागतात.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: खरेदीपूर्वी मॅन्युअलमध्ये गाडीची ओढण्याची क्षमता बघा. माझ्या हिचवर २००० पाउंड, गाडीला परवानगी १०००ची. हिचनं गाडीची ताकद वाढत नाही, कमी आकडाच धरायचा.

पहिल्यांदा ट्रेलर ओढून आलात की चारही बोल्टांना पुन्हा टॉर्क रेंच लावा. माझे दोन बोल्ट पाव फेरी फिरले.