घडीवर घडी: स्कॉरीचे डाइक काय सांगतात

सह्याद्रीतील बेसाल्टचे आडवे थर पाहत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला वायव्य स्कॉटलंडमधील ल्युइसियन नाइस हा खडक सुरुवातीला गोंधळात टाकतो, कारण त्यातील करड्या आणि काळसर पट्ट्यांना सरळ जाणे ठाऊकच नाही. या खडकाचा बराचसा भाग सुमारे ३०० ते २७० कोटी वर्षांपूर्वी शिलारस थिजून तयार झाला. पुढे भूकवचात खोलवर, ८०० अंश सेल्सियसहून अधिक तापमानात त्याचे रूपांतरण झाले, त्याला घड्या पडल्या, आणि पुढच्या विरूपणात, म्हणजे दाबाखाली आकार बदलताना, त्या घड्यांनाच नव्या घड्या पडल्या.

घडीवर घडी पडलेला कातळ झिजून उघडा पडला की त्याच्या पृष्ठावर बंदिस्त लंबगोल, चंद्रकोरी किंवा आकड्यासारखे वळलेले पट्टे दिसतात. यांपैकी कोणता आकार दिसेल, हे दोन्ही घड्या एकमेकींशी कोणत्या दिशेने पडल्या आहेत यावर मुख्यतः अवलंबून असते. भूवैज्ञानिक जॉन रॅम्झी यांनी १९६० च्या दशकात या आकारांचे भौमितिक वर्गीकरण केले. जी घडी स्वतः वाकलेली आहे ती आधीची आणि जिने तिला वाकवले ती नंतरची, एवढा क्रम त्यावरून लागतो. मात्र त्या दोहोंमध्ये किती काळ लोटला, हे घड्यांची भूमिती सांगत नाही: एकाच दीर्घ हालचालीतही दोन्ही पडू शकतात, किंवा मध्ये कोट्यवधी वर्षे गेलेली असू शकतात.

ही अडचण जॉन सटन आणि जॅनेट वॉटसन या भूवैज्ञानिक दांपत्याने ज्या प्रकारे सोडवली, ती मला भूशास्त्रातील अत्यंत देखण्या युक्तिवादांपैकी एक वाटते. स्कॉरी गावाच्या परिसरात बेसाल्टी शिलारस भेगांत शिरून बनलेले काळे डाइक नाइसमधील घड्या आणि पट्टे सरळ छेदून जातात. म्हणजे त्या घड्या डाइकच्या आधीच्या. तेथून ईशान्येस लॉख लॅक्सफर्ड या समुद्री खाडीकडे जाताना याच प्रकारचे डाइक मात्र दाबले गेलेले, अँफिबोलाइट या रूपांतरित खडकात बदललेले आणि अखेरीस नाइसच्या पट्ट्यांना जवळजवळ समांतर झालेले आढळतात. म्हणजे तेथे डाइकनंतरही खडक पुन्हा विरूपित झाला. १९५१ मध्ये त्यांनी यावरून डाइकपूर्वीचा स्कॉरियन आणि डाइकनंतरचा लॅक्सफर्डियन असे दोन कालखंड वेगळे केले, तेही या खडकांची किरणोत्सारी कालगणना, म्हणजे किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून मोजलेले वय, हाती नसताना. दहा वर्षांनी, १९६१ मध्ये, अशा कालगणनेने दोन वेगळ्या काळांच्या घटनांना दुजोरा दिला.

तरीही सगळे डाइक एकाच काळातले, हे गृहीतक पुढे टिकले नाही. नंतरच्या मापनांत काही डाइक सुमारे २४२ कोटी वर्षांचे, तर काही १९९ कोटी वर्षांचे निघाले. त्यामुळे एका ठिकाणचा डाइक दुसऱ्या ठिकाणच्या डाइकशी जोडून दोन्हीकडच्या घड्यांचा काळ ठरवणे धोक्याचे ठरते, आणि काही संशोधक तर या भागातील वेगवेगळे प्रदेश मुळात भूकवचाचे स्वतंत्र तुकडे असून नंतर एकत्र आले, असे मानतात. ते मान्य केले, तर एका प्रदेशातील घड्यांचा क्रम शेजारच्या प्रदेशाला लावण्यापूर्वी ते दोन प्रदेश कधी जुळले, हे आधी ठरवावे लागते.