अमेरिकेत सराफा आहे का?

न्यूयॉर्कहून परत येऊन वर्ष होत आलं, तरी विचारणारे थांबलेले नाहीत. रामबागेतल्या शेजारणी विचारतात, साहित्य सभेच्या कार्यक्रमात भेटणारे विचारतात, दारावर येणारा भाजीवाला भैयासुद्धा विचारतो. "ताई, तिथे सगळं असेल हो, पण सराफ्यासारखं काही आहे का?" स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला का, हे आजवर मला इंदुरात एकाच माणसाने विचारलं, आणि तो मूळचा पुण्याचा होता. आमच्या गावाला एवढंच कळून घ्यायचं असतं की रात्री बारा वाजता भूक लागली तर तिथली माणसं कुठे जातात. मला हा प्रश्न मनापासून आवडतो, म्हणून दर वेळी घाईघाईत उत्तर देऊन सोडवत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

आहे. गल्ली नाही, बाजार नाही, एका वेळी एकच पदार्थ. पण आहे.

सराफा न पाहिलेल्यांसाठी आधी थोडं. राजवाड्याला लागून सोन्याचांदीचा बाजार आहे. रात्री आठ-नऊला सराफ मंडळी शटर ओढतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर शेगड्या पेटतात. भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस, सेव आणि जीरावन मसाला घातलेली साबुदाण्याची खिचडी, दहीवडे, मालपुवे, तळहातात न मावणारा जलेबा, आणि लिंबाशी काही संबंध नसलेली आमची दुधाची घट्ट शिकंजी. दीड-दोनपर्यंत बायका-मुलं, म्हातारी माणसं बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसून खात असतात. बाबा सांगायचे की सराफांनाही हे हवंच होतं. दुकानासमोर रात्रभर दिवे आणि माणसं असली तर चोराला वाव राहत नाही.

बाबा मिलमध्ये होते. दुसरी पाळी सुटून घरी यायला मध्यरात्र व्हायची. एरवी ते गुपचूप झाकलेलं ताट उघडून जेवायचे, पण पगाराच्या रात्री आम्हा सगळ्यांना उठवायचे. आई केसांची गाठ मारेपर्यंत आम्ही चपला घालून दारात उभे. कृष्णपुऱ्याचा पूल, अंधारातल्या होळकरांच्या समाध्यांच्या छत्र्या, मग राजवाडा, आणि राजवाड्याला वळसा घातला की एकदम उजेड आणि तुपाचा वास. थंडीत बाबांचं ठरलेलं असायचं, गराडू. गराडू म्हणजे एक कंद, चिरताना हात खाजवणारा. सराफ्यात त्याच्या फोडी आधी एकदा तळून परातीत ढीग लावून ठेवलेल्या असतात. गिऱ्हाईक आलं की मूठभर फोडी पुन्हा कडकडीत तेलात जातात, बाहेर आल्यावर जीरावन आणि लिंबू. पहिल्या तळणीत गराडू शिजतो, दुसरीत तो गराडू होतो. बाबा म्हणायचे, "जेवण घरी असतंच. पण पाळी सुटल्यावर कुणीतरी आपल्यासाठी कढई तापत ठेवलीय, हे बघायला बरं वाटतं." तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. माझं लक्ष रबडीकडे होतं, पण वाक्य लक्षात राहिलं.

आता लेकीकडे येते. ती डॉक्टर आहे, मॅनहॅटनमधल्या एका रुग्णालयात. पहिलं वर्ष फार कठीण गेलं. पाळी कागदावर कधीही संपो, ती बाहेर पडायची रात्री अकरा-साडेअकराला, कधी त्याहून उशिरा. मी फोनवर विचारायचे, जेवलीस का? ती म्हणायची, हो, जेवले. आईला "जेवले" या शब्दाचे सगळे आवाज ओळखता येतात. जेवलेल्या माणसाचं "जेवले" वेगळं असतं. मी दोन महिन्यांसाठी गेले ती म्युझियमं बघायला गेले असं सगळ्यांना सांगितलं, पण खरं तर ती रात्री काय खाते ते बघायला गेले होते.

तिला इंदूरच्या प्रश्नाची पूर्ण कल्पना होती. पहिल्या सुट्टीच्या दिवशी तिने मला सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर नेलं. "आई, हा आमचा सराफा." हिऱ्यांचा मोठा बाजार आहे तो, पाचव्या आणि सहाव्या अव्हेन्यूच्या मध्ये, काचेत काचेला लागून अंगठ्या. पण संध्याकाळी दुकानं बंद झाली की गल्ली ओस. तिथे मला उगाच वाईट वाटलं, इतके ओटे आणि बसणारं कुणी नाही.

दुसऱ्या वेळी ब्लीकर स्ट्रीटवरच्या जॉन्स या पिझ्झाच्या दुकानात गेलो. १९२९पासूनचं दुकान, कोळशाची भट्टी, लाकडी बाकांवर गिऱ्हाइकांनी कोरलेली नावं. पिझ्झा सुंदर होता, कडा जराशा काळ्या पडलेल्या, खमंग. पण दारावरच लिहिलेलं आहे की स्लाइस मिळणार नाही, म्हणजे सुटा तुकडा विकत नाही. अख्खा घ्या, टेबलाशी बसा, सावकाश खा. ते जेवण होतं, आणि सराफ्यात कुणी जेवायला जात नाही.

मग ती रात्र. लेकीची पाळी संपायची होती, मी क्वीन्सहून एकटी भुयारी रेल्वेने निघाले. ती गाडी चोवीस तास चालते, हे मला त्या शहराचं सगळ्यात मोठं वैभव वाटलं. रुग्णालयाच्या दारात थांबले. ती बाहेर आली तेव्हा चेहरा असा होता की मी काही विचारलं नाही. ती म्हणाली, "चल, माझ्या ठिकाणी." आणि आम्ही पुन्हा ब्लीकरलाच उतरलो, जॉन्सपासून काही पावलांवर, कार्माइन स्ट्रीटवर. जोज पिझ्झा. नेपल्सहून आलेल्या एका माणसाने १९७५ साली काढलेलं दुकान. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानाहून फार मोठं नाही. रात्रीचा साडेबारा-एक, आणि रांग दाराबाहेर फुटपाथवर.

रांगेत माझ्यापुढे सायकलवरून डबे पोहोचवणारा एक मुलगा होता, हेल्मेट काखेत. त्याच्यापुढे चमकत्या कपड्यांतल्या चार मुली, चपला हातात घेतलेल्या. पाठीवर वाद्याची मोठी पेटी असलेला एक म्हातारा. मागे लेकीसारख्याच हिरव्या कपड्यांतले दोघं, दुसऱ्या कुठल्या तरी रुग्णालयाचे. कुणी कुणाशी बोलत नव्हतं आणि कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं.

काचेच्या मागे अख्खे पिझ्झे मांडलेले. परातीएवढे, अठरा इंच व्यासाचे, आठ तुकडे केलेले. मी म्हटलं, हे तर आधीच भाजून ठेवलेत, गार असणार. लेक म्हणाली, थांब. माणसाने एक त्रिकोण उचलला, लाकडी फळीवरून मागच्या भट्टीत सरकवला, लोखंडी झाकण धाडकन लावलं. पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे घेतले, झाकण उघडलं, तुकडा बाहेर. चीज पुन्हा बुडबुडतंय, खालचा तळवा खुसखुशीत. कागदी बशीत टाकून माझ्या हातात दिला.

गराडू! मी मोठ्याने म्हणाले. लेक आधी दचकली, मग इतकी हसली की रांगेतले दोघं वळून बघायला लागले. मघाचा तिचा चेहरा तेवढ्यात कुठे गेला कळलं नाही.

यामागचं शास्त्र मी नंतर समजून घेतलं, कारण मला ते सोडवेना. कोळशाच्या भट्टीची आच प्रचंड असते. तिच्यातला पिझ्झा दोन-चार मिनिटांत होतो, मऊ राहतो, आणि तसाच्या तसा लगेच खावा लागतो. न्यूयॉर्कमधला पहिला पिझ्झावाला म्हणून ज्याचं नाव घेतात तो लोंबार्डी, १९०५ सालचा, त्याच परंपरेतला. पुढे १९३०-४०च्या दशकांत गॅसच्या सपाट तळाच्या भट्ट्या आल्या. त्यांची आच कमी, साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस, पण एकसारखी. पिझ्झा जास्त वेळ भाजतो, त्यातलं पाणी उडतं, तळ ताठ होतो. चीजही कमी ओलाव्याचं वापरतात. असा पिझ्झा काचेमागे तासभर राहिला तरी दुसऱ्या आचेला मस्त उठतो. म्हणजे सुटा तुकडा विकता येऊ लागला तो या भट्टीमुळे. खिशात थोडेच पैसे असलेल्या आणि जेवायला पाचच मिनिटं असलेल्या माणसासाठी दुकान उघडं झालं. माणसाने शोधलेल्या यंत्रांत या भट्टीला मी फार वरचं स्थान देईन.

खायची रीतही ठरलेली आहे. काटा-सुरी मागू नये. कडेच्या बाजूने पोळीसारखी उभी घडी घालायची आणि टोकापासून सुरुवात करायची. घडीमुळे तुकडा लोंबत नाही आणि जास्तीचं तेल टोकावरून बशीत गळतं. फळीवर ओरेगानो, तिखटाच्या कुटलेल्या मिरच्या, लसणाची पूड आणि किसलेलं चीज, चार डबे ठेवलेले. माझ्या पर्समध्ये जीरावनची पुडी होती. इंदूरची बाई परदेशी जाते तेव्हा ती असतेच. मी ती काढली नाही. ज्याच्या दारात उभं राहायचं, त्याचंच मीठ-मिरची घ्यायची. आणि खरं सांगायचं तर त्या तुकड्याला काही लागत नव्हतं. टोमॅटो आंबटगोड, चीज खारट, कणकेला आंबवल्याचा हलका वास. साधा, प्लेन, शाकाहारी. वर दहा गोष्टी टाकलेले तुकडेही होते, पण लेक म्हणाली की इथली जाणती माणसं दुकानाची पारख साध्या तुकड्यावरून करतात. पोह्यांचंही तसंच आहे. वरच्या सेवेने पोहे झाकता येतात, सुधारता येत नाहीत.

किंमत चार डॉलरच्या आसपास. गाडीचं तिकीट दोन डॉलर नव्वद सेंट होतं तेव्हा. या दोन किमती वर्षानुवर्षं एकमेकींचा हात धरून चढतात, असं १९८० साली तिथल्या एकाने वर्तमानपत्राला कळवलं होतं, आणि लोक अजून तो हिशेब सांगतात. अलीकडे तुकडा पुढे निघून गेलाय. तरी मला हा हिशेब फार जवळचा वाटतो. घरी जायचं भाडं आणि घरी जाण्याआधीचा घास, दोन्ही एकाच मापाचे. बाबांच्या खिशातही पगाराच्या रात्री तेवढाच हिशेब असायचा.

आता फरकही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की परदेशाचं कौतुक करत सुटली. सराफ्यात एक प्लेट चौघं खातात. इथे कीस, तिथे दहीवडा, शेवटी कोणाकडची रबडी यावर भांडण, दोन तास कसे जातात कळत नाही. मुख्य म्हणजे तिथे एकटं राहताच येत नाही, कुणीतरी ओळखीचं भेटतंच. स्लाइसच्या दुकानात प्रत्येकाचा तुकडा वेगळा. पाच मिनिटं, भिंतीलगतच्या फळीवर कोपर टेकवायचं, बशी टोपलीत, बाहेर. मला आधी ते कोरडं वाटलं. पण लेकीकडे बघितलं. दिवसभर माणसांच्या दुखण्यात बुडालेल्या तिला त्या वेळी कुणाशी बोलायचंच नव्हतं. उजेडात उभं राहून, गर्दीत, कुणी काही न विचारता गरम खायचं होतं. ती सोय सराफ्यात नाही. असायला हवी होती का, यावर मी अजून विचार करते आहे.

आणि एक राहिलं. सराफ्यात गेल्या काही वर्षांत पिझ्झा, मोमो, चायनीजच्या गाड्या वाढल्या. गावात यावरून वाद चालतात. माझं मत विचाराल तर मी जुन्या पदार्थांच्या बाजूची आहे. ज्या मुलांना पिझ्झा आवडतो त्यांनी तो खुशाल खावा, पण गराडूवाल्याची जागा घेऊन नाही. न्यूयॉर्ककरांनी आपला तुकडा शंभर गोष्टींच्या गर्दीत हरवू दिला नाही, हे मला तिथे शिकायला मिळालं.

निघायच्या आदल्या आठवड्यात मी त्या दुकानात एकटी गेले, रात्री अकराला. काउंटरवरच्या माणसाने न बघताच विचारलं, किती? मी एक बोट दाखवलं. घडी नीट जमली.

हल्ली लेकीचा फोन इथे सकाळी दहाच्या सुमाराला येतो, तिच्याकडे तेव्हा मध्यरात्रीचा सुमार असतो. माझे पोहे-चहा चाललेले असतात. मी विचारते, जेवलीस का? ती म्हणते, रांगेत आहे, तीन माणसं पुढे. मग आम्ही दोघी काही बोलत नाही. मी फोन कानाला लावून ठेवते, पलीकडे भट्टीचं झाकण धाडकन वाजेपर्यंत.