नवाईचे तिकीट कोणत्या पानावर?

रविवार, रात्री

आज दुपारभर चिमटा आणि भिंग घेऊन अल्बमसमोर बसलो होतो. सोव्हिएत संघाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साहित्यिकांच्या स्मरणार्थ काढलेली तिकिटे मी आजवर लेखकांच्या जन्मसालाच्या क्रमाने लावत आलो. आज ती निघाल्या सालाप्रमाणे लावायला घेतली आणि १९४२ च्या पानाशी अडलो.

त्या पानावर झोया कोस्मोदेम्यान्स्काया आधीच आहे, गनिमी लढ्यात उतरलेली, जर्मनांनी फाशी दिलेली अठरा वर्षांची मुलगी. तिच्या शेजारी आता १४४१ साली हेरातमध्ये जन्मलेला, चघताई तुर्की या मध्य आशियातल्या जुन्या भाषेत लिहिणारा कवी अलीशेर नवाई येणार. त्याची पंचशताब्दी १९४१ मध्ये होती, तिकीट मात्र १९४२ चे. ताश्कंदचा मोठा सोहळा युद्धामुळे लांबला आणि १९४८ मध्ये झाला. पण वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये, कामगार नसलेल्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत असताना, १० डिसेंबर १९४१ रोजी एर्मिताज संग्रहालयात मंडळी नवाईच्या कवितेसाठी जमली. त्या प्रसंगासाठी चिनी मातीची भांडी रंगवली गेली, आणि ती भाजण्यापुरती वीज नेव्हा नदीत नांगरलेल्या एका जहाजावरून घेतली गेली. उपाशी माणसांनी भट्टीसाठी वीज मागावी, हे मला अजूनही पुरते उमगलेले नाही. पण हे कळल्यापासून ते तिकीट केवळ एका कवीचे राहिलेले नाही.

१९४३ चे पान सोपे गेले. गॉर्कीची पंचाहत्तरी, मायाकोव्हस्कीची पन्नाशी आणि तुर्गेनेव्हचे एकशे पंचविसावे वर्ष, तिन्ही त्याच साली आली. (त्याच वर्षी इकडे अण्णाभाऊ साठे स्टालिनग्राडचा पोवाडा लिहीत होते. भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर २००२ मध्ये काढलेले चार रुपयांचे तिकीट माझ्याकडे आहे, आणि ते गॉर्कीशेजारी लावण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला.) १९४४ मध्ये बोधकथाकार क्रिलॉव्ह, पुण्यतिथीच्या निमित्ताने.

नवाईला शेवटी झोयाशेजारीच लावले. जुना हिंज (तिकीट पानाला चिकटवणारी कागदी पट्टी) ओढताना उतावीळपणा झाला आणि तिकिटामागचा कागद एका कोपऱ्यात किंचित सोलला गेला. समोरून काही दिसत नाही, तरी वहीत त्या तिकिटापुढे तशी नोंद केली आहे.