कार्डावरचे नाव आणि कार्डातली चिप

जुन्या डेस्कटॉपवर कमी खर्चात गेम चालवायचे आहेत, अशी मागणी घेऊन कोणी आले की मला ते काम मनापासून आवडते, कारण त्यात नवे यंत्र गळ्यात मारण्याऐवजी असलेल्या यंत्राची नीट परीक्षा घ्यावी लागते. कोणता भाग अजून काही वर्षे साथ देईल, कशावर खर्च केला तर तो भाग पुढच्या संगणकातही वापरता येईल आणि कशावर एक पैही घालू नये, हे ठरवण्यातच बहुतेक वेळ जातो. त्या दिवशीच्या कामात मात्र या हिशेबाआधी एका बनवेगिरीचा छडा लावावा लागला.

कॉलेजात नुकताच दाखल झालेला एक मुलगा आणि त्याची आई संगणक घेऊन आले होते. यंत्र २०१२ च्या सुमाराचे, कुठल्याशा कार्यालयाने मोडीत काढलेले. आत इंटेलचा कोअर आय५-३४७० हा चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि २४० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. मुलाने साठवलेल्या पैशांतून त्यात एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड बसवले होते. त्यावरच्या चिकटपट्टीवर ‘जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी’ असे छापलेले होते. गेम सुरू होई, मेन्यू व्यवस्थित दिसे, पण खेळ रंगात येतो न येतो तोच पडद्यावर रंगीबेरंगी ठिपके उमटत आणि यंत्र गोठून जाई.

“काका, प्रोसेसरच जुना आहे ना? आय७ टाकला तर चालेल का?” मुलाने विचारले. त्याच्या आईचा प्रश्न अधिक व्यवहारी होता. “याचे सगळे पैसे त्या कार्डात गेलेत. आता आणखी घालायचे की थांबायचं, एवढं तुम्ही स्पष्ट सांगा.”

प्रोसेसर कमी पडला तर गेम अडखळतो, दृश्य झटके खात पुढे सरकते. ठिपके उमटून यंत्र गोठणे हे सहसा त्याचे लक्षण नसते. माझा पहिला संशय वीजपुरवठ्यावर गेला. कार्डाला सहा पिनांची जादा वीजजोडणी होती आणि या एसएमपीएसमध्ये तशी वायर नसल्यामुळे मुलाने अडॅप्टर लावून ती वीज दुसऱ्या जोडणीतून घेतली होती. मदरबोर्डवरचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देऊ शकतो आणि १०५० टीआय हे मुळात त्याच मर्यादेत बसवलेले कार्ड आहे. काही उत्पादकांनी त्यावर सहा पिनांची जोडणी दिलेली आहे, त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरत नव्हते. तरी ती गोष्ट मनात राहिली.

मुलाने आपणहून सांगितलेल्या दोन गोष्टी मला फार उपयोगी पडल्या. सेटिंग अगदी खाली आणले की गेम जास्त वेळ टिकतो, ही पहिली. विकणाऱ्याने पेनड्राइव्हवर ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड वापरता यावे यासाठीचा प्रोग्राम, दिला होता आणि “हाच ठेव, अपडेट कधी करू नकोस” असे बजावले होते, ही दुसरी. पहिल्या गोष्टीचा अर्थ वीज कमी पडते, उष्णता वाढते किंवा कार्डाची स्मृती अपुरी पडते, यांपैकी काहीही निघू शकत होता. दुसऱ्या गोष्टीला मात्र एकही निरागस कारण मला सुचेना. अधिकृत ड्रायव्हर फुकट मिळत असताना तो घेऊ नकोस, असे प्रामाणिक विक्रेता कशासाठी सांगेल?

संशय दोन ठिकाणी असला की एकेक भाग वेगळा करून पाहावा, हा आमच्या कामातला जुना रिवाज. ते कार्ड काढून मी चाचणीच्या संगणकात लावले. त्याचा एसएमपीएस भरपूर ताकदीचा आहे, त्यामुळे दोष विजेचा असता तर तो तिथे दिसायला नको होता. तोच गेम, त्याच सेटिंगवर लावला आणि तसेच ठिपके उमटले. उलट बाजूने, त्यांच्या संगणकात मी माझ्याकडचे खात्रीचे, जादा वीजजोडणी न लागणारे कार्ड बसवले, तेव्हा तो मंद गतीने का होईना, पण न थांबता चालत राहिला. प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस यांच्यावरचा आळ तिथेच बराचसा उतरला.

मग कार्ड हातात घेऊन मागच्या पट्टीकडे नीट पाहिले. तिथे निळ्या रंगाचे, पंधरा छिद्रांचे व्हीजीए पोर्ट होते. १०५० टीआय ऑक्टोबर २०१६ मध्ये बाजारात आले आणि त्या पिढीच्या, म्हणजे पास्कल मालिकेच्या, चिपमधून ती बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने ॲनालॉग चित्रसंकेत देण्याची सोय काढून टाकली होती. व्हीजीए पोर्ट तर ॲनालॉग संकेतावरच चालते. म्हणजे चिकटपट्टीवरचे नाव आणि पाठीमागचे पोर्ट यांपैकी एक काहीतरी खोटे बोलत होते.

विंडोजला विचारून उपयोग नव्हता. कार्डाचे नाव आणि स्मृतीचा आकार विंडोज कार्डावरच्या बायोसमधून, म्हणजे कार्डातच साठवलेल्या मूळ प्रोग्राममधून, आणि ड्रायव्हरकडून ऐकतो, आणि बायोस बदलता येतो. एका खोलीच्या घरावर चार खोल्यांची पाटी लावावी, तसा हा प्रकार असतो. ‘जीपीयू-झेड’ हा मोफत प्रोग्राम चिपची स्वतःची ओळख तपासतो आणि २०१८ पासून त्यात बनावट एनव्हिडिया कार्डे ओळखण्याची सोय आहे. तो उघडताच कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात ‘फेक’ हा शब्द झळकला. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कुडा कोअर, म्हणजे चित्राची गणिते करणारे छोटे घटक, असतात. इथे १९२ दिसत होते.

आईंची परवानगी घेऊन मी कार्डाचा पंखा आणि उष्णताशोषक उतरवला. त्याखालची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसली, दिवा तिरका धरला आणि चिपच्या चकचकीत पाठीवर ‘जीएफ११६’ ही अक्षरे उमटली. ही २०११ मधल्या जीटीएक्स ५५० टीआय या कार्डाची चिप. तिची विजेची भूक ११६ वॅट, म्हणून ती सहा पिनांची जोडणी. आणि त्या कार्डावर प्रत्यक्ष स्मृती साधारण १ जीबीच असे. गेम चार जीबी आहेत असे समजून चित्रे भरत जाई, खरी जागा संपली की नसलेल्या पत्त्यांवर लिहिणे सुरू होई आणि तिथून पुढे ते ठिपके. कमी सेटिंगवर जागा उशिरा भरते, म्हणून गेम जास्त टिके. शिवाय या जुन्या चिपसाठी एनव्हिडियाने नवे ड्रायव्हर काढणे २०१८ मध्येच थांबवले आहे, त्यामुळे अधिकृत नवा ड्रायव्हर घातला असता तर सोंग लगेच उघडे पडले असते. पेनड्राइव्हचे गूढ ते एवढेच.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या आईने मात्र चिपचा, पोर्टचा आणि जीपीयू-झेडच्या खिडकीचा, असे फोटो तिथेच काढून घेतले. विकणाऱ्याने आधी टाळाटाळ केली, पण ते फोटो पाहिल्यावर कार्ड परत घेतले, असे त्यांनी नंतर कळवले. असे दर वेळी घडत नाही. वापरलेले कार्ड घेताना ते समोर चालवून, जीपीयू-झेड लावून आणि स्मृती पूर्ण भरणारी चाचणी करून घ्यावे, असे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. त्याला जो विक्रेता तयार होत नाही, त्याच्याकडून घेऊच नये.

यानंतर खरे काम सुरू झाले, म्हणजे हातात असलेले पैसे कुठे घालायचे ते ठरवणे. आय७-३७७० हा प्रोसेसर त्या मदरबोर्डमध्ये बसला असता; त्याचेही कोअर चारच, पण थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळता येणारे कामांचे धागे, आठ, आणि आजच्या गेममध्ये त्या जास्तीच्या चार थ्रेडचा फायदा जाणवतो, हे खरे. तरीही मी तो शेवटच्या क्रमांकावर ठेवला. त्या मदरबोर्डचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच, त्याच पिढीवर संपलेला आहे आणि तो प्रोसेसर पुढच्या कोणत्याही नव्या संगणकात जाणार नाही. शिवाय या पिढीच्या प्रोसेसरांत एव्हीएक्स२, म्हणजे एका फटक्यात अनेक आकड्यांवर काम करू देणाऱ्या, सूचनाच नाहीत. त्या इंटेलने २०१३ च्या पिढीत आणल्या. काही नवे गेम त्या सूचनांशिवाय उघडतच नाहीत आणि तिथे आय७ घालूनही हात चोळत बसावे लागते.

रॅमची गोष्ट उलट होती. एकच पट्टी असल्यामुळे स्मृतीची एकच वाहिनी चालू होती. डीडीआर३-१६०० च्या एका वाहिनीची कमाल गती सेकंदाला १२.८ जीबी, तशीच दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवली की ती २५.६ होते. ८ जीबीची जुनी पट्टी मिळायला अवघड नव्हती आणि तेवढ्या खर्चात एकूण रॅम १६ जीबी झाली. हार्ड डिस्कच्या जागी साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान साठवण, घेतली. एसएसडीने फ्रेमची, म्हणजे पडद्यावर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची, सरासरी वाढत नाही, हे मुलाला मी आधीच सांगून ठेवले. पण विंडोज आणि गेम उघडायला लागणारा वेळ आणि मोठ्या नकाशात दृश्य भरताना बसणारे हिसके कमी होतात, आणि पुढचा संगणक घेतला की ती त्यात जाते.

कार्ड निवडताना एसएमपीएसची मर्यादा पाळायची होती. त्या यंत्रात नेहमीच्या मापाचा एसएमपीएस सरळ बसत नसल्यामुळे तो बदलणे खर्चिक ठरले असते. स्लॉटच्या ७५ वॅटवर चालणारे जीटीएक्स १६५०, त्यातही जादा जोडणी नसलेला प्रकार, हा मला योग्य वाटला. पास्कल पिढीसाठी एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर गेमसाठीचे नवे ड्रायव्हर देणे थांबवले असल्यामुळे खरे १०५० टीआयही आता घेण्यात मला अर्थ वाटत नाही. १६५० त्याच्या पुढच्या, ट्युरिंग पिढीचे आहे. एएमडीचे आरएक्स ६४०० हे कार्ड वीज आणखी कमी खाते, परंतु त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच मार्गिका, म्हणजे डेटा नेण्याच्या वाटा, आहेत. कार्डाची ४ जीबी स्मृती भरून मुख्य रॅमकडे जावे लागले की या जुन्या, तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर तो अरुंद रस्ता नडतो. १६५० ला पूर्ण सोळा मार्गिका मिळतात.

कार्ड बसवण्याआधी मदरबोर्डचा बायोस अद्ययावत केला, संपलेला नाण्याच्या आकाराचा सेल बदलला, प्रोसेसरवरची पेस्ट नवी घातली आणि पंख्यांतली धूळ काढली. एवढ्या साफसफाईने प्रोसेसरचे तापमान इतके उतरले की आधी घोंघावणारा पंखा निवांत झाला. पूर्ण भारावर भिंतीकडच्या मीटरवर आकडा दीडशे वॅटच्या आसपास राहिला, म्हणजे २४० वॅटच्या एसएमपीएसला अजून वाव होता.

ते दोघे यंत्र न्यायला आले तेव्हा मुलाने त्याचा गेम लावून पाहिला. १०८० रेझोल्यूशन आणि मध्यम सेटिंगवर फ्रेमची सरासरी सेकंदाला साठच्या वर जात होती, पण गर्दीच्या ठिकाणी चार थ्रेडचा प्रोसेसर दमत असे आणि आलेख खाली-वर होई. मी गेममध्येच फ्रेमची मर्यादा साठावर बांधली. प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळाले की प्रोसेसरला थोडी उसंत मिळते आणि आकडा कमी दिसला तरी खेळ हाताला एकसंध लागतो. त्याला ते लगेच जाणवले. त्याच्या आईला पडद्यावर काहीच फरक दिसला नाही.

विंडोजचा विषय त्यांनी विचारला नव्हता, तरी मी काढला. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास कोणतेच प्रोसेसर नाहीत. त्यामुळे या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत, ते गेमपुरते ठेवावे, असे सुचवले. “मग हे किती दिवस चालेल?” आईने विचारले. मुलगा आज खेळतो ते गेम अजून दोन-तीन वर्षे तरी चालतील, एव्हीएक्स२ मागणारे चालणार नाहीत, आणि नवा मदरबोर्ड घ्यायची वेळ येईल तेव्हा कार्ड आणि एसएसडी त्यात घालता येईल, असे मी सांगितले. आय७ चा विचार मुलाने तेवढ्यापुरता सोडला आणि जुनी हार्ड डिस्क फोटो साठवायला परत मागून घेतली.