सीसॉ चार नग, टीटर-टॉटर चार नग

बागेतल्या खेळण्यांच्या बिलात सातवी ओळ होती सीसॉ, म्हणजे मध्ये टेकू असलेली वर-खाली होणारी फळी, चार नग. आठवी ओळ टीटर-टॉटर, चार नग. आठव्या ओळीचा दर सातव्याच्या जवळजवळ दीडपट.

आम्ही त्रयस्थ तपासणीवाले. नगरपरिषदेचं काम मंजूर अंदाजपत्रकाबरहुकूम झालंय का ते जागेवर जाऊन बघायचं, अहवाल द्यायचा, मग ठेकेदाराचं अंतिम बिल निघतं. रस्ते, गटारं, पाण्याच्या टाक्या यांना आमच्याकडे मान आहे. बागेतली खेळणी म्हणजे हलकं काम, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. आता कुणी मागितलं तरी मी ते सोडणार नाही.

खेळणं तपासताना मी आधी खाली बघतो. रंग, पावडर कोटिंग, नळीची जाडी हे सगळं नंतर. मूल पडणारच, ते कशावर पडणार हा खरा प्रश्न. झोपाळ्याखाली पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्याला त्याच झोपाळ्यावरून एकदा ढकलून द्यावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यानंतर फटी. साडेतीन इंच आणि नऊ इंच यांच्या मधली कोणतीही बंदिस्त फट वाईट. मूल पायाकडून आत सरकतं, धड जातं, डोकं अडकतं आणि अंगाचा भार मानेवर येतो. यासाठी मी प्लायवूडचे दोन ठोकळे करून घेतलेत, एक धडाच्या मापाचा, एक डोक्याच्या. लहान ठोकळा आत गेला आणि मोठा गेला नाही, की खेळणं नापास. ‘आजवर कुणाचं डोकं अडकलं नाही’ हे वाक्य प्रत्येक बागेत ऐकायला मिळतं.

या बागेत मात्र वाळू होती, चांगली घोट्याएवढी. चारही सीसॉ नीट बसवलेले. मधल्या टेकूवर बेअरिंगला पत्र्याचं झाकण होतं, म्हणजे बोटं चिरडण्याची सोय नव्हती. दोन्ही टोकांना बैठकीखाली स्कूटरचे अर्धे कापलेले टायर जमिनीत पुरलेले. पोरगं धाडकन खाली आलं तर दणका टायर खातो, आणि बैठक व जमीन यांच्यात पाय सापडत नाही. फळीचा कोनही पंचवीस अंशांच्या आत. इतकं नेटकं काम आमच्या भागात क्वचित बघायला मिळतं.

पुढे, लहान मुलांच्या कोपऱ्यात, आणखी चार खेळणी होती. मध्ये जाडजूड स्प्रिंग, तिच्यावर आडवी बैठक आणि दोन टोकांना दोन घोडे.

‘‘हे टीटर-टॉटर, साहेब,’’ ठेकेदार म्हणाला. तरुण मुलगा, वडिलांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप पुढे चालवणारा. मी काही बोलायच्या आत त्याने फाईलमधून एक पत्र काढलं. ‘टीटर-टॉटर म्हणजे नेमकं कोणतं खेळणं, कृपया खुलासा व्हावा,’ असं त्याने कार्यालयाला लेखी विचारलं होतं. उत्तर एका ओळीचं : ‘निविदेतील तपशिलाप्रमाणे काम करावे.’ निविदेतला तपशील असा : टीटर-टॉटर, अमेरिकन मानकांप्रमाणे, मान्यताप्राप्त बनावटीचे. मग त्याने पुरवठादाराला फोन केला आणि त्या नावाखाली पुरवठादाराने जे दाखवलं ते आणून बसवलं.

हे आलं कुठून ते काढायला फार खणावं लागलं नाही. अंदाजपत्रक दोन कंपन्यांच्या दरपत्रकांवरून बेतलेलं. एकीच्या यादीत सीसॉ होतं, दुसरीची यादी अमेरिकन कॅटलॉगवरून उतरवलेली, तिच्यात टीटर-टॉटर. दोन्ही उचलले. तांत्रिक मंजुरीपर्यंत त्यावर तीन सह्या झाल्या. सही करताना कोणी इतकं विचारलं नाही की बाबा, हे दुसरं खेळायचं कसं?

अहवालात मोघम लिहून चालत नाही, म्हणून मी शोधायला बसलो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची सार्वजनिक क्रीडांगणांसाठी एक पुस्तिका आहे. तिच्यात मध्यभागी टेकू दिलेल्या फळीला सीसॉ म्हटलंय आणि पुढे कंसात लिहिलंय की यालाच टीटर-टॉटर म्हणतात. विषय संपला. पण मी वाचत राहिलो, कारण गंमत वाटायला लागली. हान्स कुराथ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या पूर्व भागात कुठे कोणता शब्द चालतो त्याचे नकाशे 1949 साली छापले, त्यात ही फळीही आहे. अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या न्यू इंग्लंडमधून लोक जिथे जिथे जाऊन वसले तिथे टीटर-टॉटर. ऱ्होड आयलंडमधल्या नॅरागॅन्सेट उपसागराच्या काठी तिलाच डँडल म्हणायचे, तर अॅपलाचियन डोंगरांत रायडी-हॉर्स. आपण दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतो, तसाच तिथलाही हिशोब. नशीब आमच्या अंदाजपत्रकात डँडलची नववी ओळ नव्हती.

त्याच पुस्तिकेतला पुढचा परिच्छेद मात्र मला अडचणीत टाकणारा होता. साधा सीसॉ शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांसाठी नको, असं ती सांगते. दोघांना एकमेकांच्या अंदाजाने हालचाल करावी लागते, आणि एकजण मध्येच उतरला की दुसरा आपटतो. या वयाला स्प्रिंगवाला चालतो, कारण एकजण उतरला तरी स्प्रिंग बैठकीला सावरून धरते. म्हणजे ठेकेदाराने अंदाजपत्रकाच्या बाहेरचं खेळणं बसवलं होतं, आणि त्या कोपऱ्यासाठी योग्य तेच बसवलं होतं.

अहवालात मी तिन्ही गोष्टी लिहिल्या. सातवी आणि आठवी ओळ ही एकच वस्तू आहे. बसवलेलं स्प्रिंगचं खेळणं ही तिसरीच वस्तू, अंदाजपत्रकात नसलेली. ती लहान मुलांना जास्त सुरक्षित आहे, तेव्हा दर विश्लेषण करून पर्यायी बाब म्हणून मान्य करावी.

कार्यालयाने ‘अंदाजपत्रकात नसलेली’पर्यंत वाचलं.

‘‘पर्यायी बाब म्हणजे फाईल परत वर पाठवायची,’’ कनिष्ठ अभियंता म्हणाले. ‘‘मार्चअखेर तोंडावर आलाय. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर तुम्ही येणार का उत्तर द्यायला?’’ माणूस वाईट नव्हता. त्यांच्याकडे पाणीपुरवठाही होता आणि त्या आठवड्यात गावात टँकर चालू होते.

ठेकेदाराला तोंडी निरोप गेला. त्याने स्प्रिंगचे घोडे उखडले, पायाचे बोल्ट कापले आणि त्या जागी चार फळ्या टाकल्या. मी पुन्हा गेलो तेव्हा बागेत अगदी एकसारखे आठ सीसॉ होते. तेच टेकू, तीच झाकणं, टायरसुद्धा तसेच. त्यातले चार सातव्या ओळीच्या दराने आणि चार आठव्या ओळीच्या दीडपट दराने निघणार होते, कारण दोन्ही दर मंजूर होते. आता ते सगळं अंदाजपत्रकाप्रमाणे होतं. मोजमाप पुस्तिकेत बोट ठेवायला जागा नव्हती.

दराच्या फरकाबद्दल मी शेरा मारला. लहान मुलांच्या कोपऱ्यातले चार सीसॉ पाच वर्षांखालील मुलांसाठी योग्य नाहीत, ते हलवावेत किंवा निदान तसा फलक लावावा, असंही लिहिलं. फलक लागला. इंग्रजीत. त्यावर ‘टीटर-टॉटर’ असं मोठ्या अक्षरात आणि खाली वयोगट बारीक. बागेला लागून अंगणवाडी आहे. तिथल्या मदतनीस ताईंना मी त्याचा अर्थ सांगितला, तर त्या म्हणाल्या, ‘‘मग आमच्या पोरांनी काय फक्त बघायचं? ते घोडे होते तेच बरे होते की.’’

माझं काम नियमाने चोख झालं, अहवालातला एक शब्दही मी आज बदलणार नाही. तरीही ते प्रकरण डोक्यातून जात नाही. त्या शब्दाचा अर्थ मी कागदावर पक्का केला नसता, तर कदाचित ते घोडे अजून तिथेच असते. आणि आठवी ओळ तपासायची नाही, तर मग माझ्यासारखा माणूस तिथे पाठवायचा कशाला, हेही आहेच.

परवा त्या ठेकेदाराचा फोन आला. घोडे वर्कशॉपमध्ये पडून आहेत, शेजारच्या नगरपरिषदेची बागेची निविदा निघतेय. ‘‘साहेब, तिथं काय नाव टाकायला सांगू त्यांना?’’ मी म्हटलं, नावाच्या भरवशावर राहू नका. स्प्रिंगची जाडी, बैठकीची उंची, वयोगट लिहून द्या आणि सोबत रेखाचित्र जोडा. तो म्हणाला, ‘‘रेखाचित्र जोडायला त्यांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये जागाच नाही.’’