एडमंटन ते डॉसन सिटी: आई-बाबा, दोन मुलं आणि अर्धी टाकी

आधी एक घोळ मिटवते. कॅनडात डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी ही दोन वेगळी गावं आहेत. नाव एकाच भूगर्भशास्त्रज्ञावरून पडलंय, पण मध्ये जवळजवळ दोन हजार किलोमीटर आहेत. पहिल्या संध्याकाळी डॉसन क्रीकची पाटी दिसल्यावर बाबा म्हणाले, "पोचलो की!" एसटीत उभी हयात काढलेला माणूस, पुढचा आकडा ऐकून गप्पच झाला.

अलास्का हायवे डॉसन क्रीकहूनच सुरू होतो. 1942 साली, युद्धाच्या धामधुमीत, अमेरिकन लष्कराने आठेक महिन्यांत तो खोदून काढला. आज तो जवळजवळ सगळा डांबरी आहे. आमचा मूळ बेत अमेरिकेतल्या अलास्कापर्यंत जायचा होता, पण साताऱ्याहून आलेल्या आई-बाबांकडे कॅनडाचाच व्हिसा होता. पुढे जायचं असेल तर अमेरिकेचा व्हिसा भारतातूनच काढून आणायला सांगा, आणि कॅनडात परत येता येईल ना, तेही बघा. आम्ही मग कॅनडातल्याच युकॉन प्रांतातल्या डॉसन सिटीपर्यंतच जायचं ठरवलं. एका बाजूने अडीच हजार किलोमीटर. अजिबात कमी वाटलं नाही.

नवऱ्याने पहिल्यांदा केलेल्या तक्त्यात रोज सातशे किलोमीटर होते. मी ते साडेचारशेवर आणले, आणि तेही कधीकधी जास्त झाले. उन्हाळा हाच तिथे रस्तादुरुस्तीचा हंगाम. झेंडा घेतलेली बाई गाडी थांबवते, मग अर्धा तास ठिय्या. त्यात मंचो तलावापाशी डोंगरी मेंढ्या रस्त्यावरच खनिज चाटत उभ्या, पुढे लिआर्डजवळ बायसनचा कळप. "गवेच की हे," आई म्हणाली. हॉर्न वाजवू नका, काच खाली करू नका, थांबा.

पेट्रोलचा नियम बाबांनी घालून दिला: काटा अर्ध्यावर आला की पहिला दिसेल तो पंप, भाव बघायचा नाही. फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक या पाचशेहून अधिक किलोमीटरमध्ये तुरळक लॉज आहेत, पेट्रोल महाग, आणि नकाशावरचा पंप चालू असेलच असं नाही. मोबाइलला रेंज नसते. नकाशे आधीच उतरवून ठेवा.

लिआर्डच्या गरम पाण्याच्या कुंडासाठी मुक्काम ठेवाच, आणि तंबूची जागा आधीच आरक्षित करा. दलदलीवरून सपाट लाकडी पायवाट जाते, आईच्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही. उगमाकडचं पाणी चटका बसेल इतकं कढत, खाली सरकत गेलं की सोसवतं. आईला वज्रेश्वरी आठवली. मुलं तर बाहेरच येईनात.

अस्वलांचा मुलूख असल्यामुळे वासाची कुठलीही वस्तू तंबूत ठेवायची नाही. मेतकूट, तूप, लसणीची चटणी हे ओघाने आलंच, पण टूथपेस्ट आणि आईची उदबत्तीसुद्धा रात्री गाडीत कुलूपबंद. उदबत्तीवरून थोडं वाजलं. डास मात्र कशालाच जुमानत नाहीत, डोक्यावरून घ्यायच्या जाळ्या एडमंटनलाच घ्या.

वॉटसन लेकला पाट्यांचं जंगल आहे. 1942 मध्ये घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या एका सैनिकाने आपल्या गावाची पाटी ठोकली, आता तिथे हजारो आहेत. बाबांनी घरूनच फळीवर ऑइलपेंटने "सातारा" लिहून आणलं होतं. हातोडी आमच्याकडे होती, खिळे विसरलो. शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी दोन दिले.

वाटेतल्या व्हाइटहॉर्स शहरात आठवडाभराचा किराणा भरा. पुढे डॉसनला दुकानं आहेत, पण भाज्या महाग आणि कोमेजलेल्या.

डॉसनजवळून डेम्पस्टर हायवे आर्क्टिक वर्तुळापलीकडे जातो. जवळजवळ सगळी खडी. वर्तुळाची पाटी 405 व्या किलोमीटरला, ईगल प्लेन्सचा पंप 369 व्या. नवऱ्याला मोह झाला होता. पण आमच्या भाड्याच्या गाडीच्या करारात खडीच्या रस्त्यावर विमा लागू नव्हता. करार बारीक अक्षरांसकट वाचा. शिवाय ट्रकने उडवलेल्या खड्याने डांबरी रस्त्यावरच आमच्या पुढच्या काचेला तडा गेला होता, त्याचे पैसे भरले ते वेगळेच. आम्ही स्वतःची गाडी घेऊन निघालेल्या एका कुटुंबाबरोबर, टूमस्टोनची डोंगररांग दिसेल इतपत, सत्तरेक किलोमीटर गेलो आणि परतलो. त्यांच्याकडे दोन स्टेपन्या होत्या. बाबांनी टायर हाताने चाचपून पाहिले आणि म्हणाले, "दोनही कमीच."

डॉसनमध्ये जूनअखेरीस अंधार पडत नाही. आई पहिल्या रात्री साडेदहाला विचारत होती, "अगं, दिवा कधी लावायचा?" खोली ठरवताना खिडकीला जाड पडदे आहेत का ते विचारून घ्या. आमच्या खोलीला नव्हते. कपडे वाळत घालायचे चिमटे लावून चादरी टांगल्या, मुलांना झोपवलं, आणि मग आईने दिवा लावला.